पेन्सिलीतला खुनी

आमच्या गावच्या वाचनालयातून आणलेल्या एका रहस्यकथेचं नववं पान उघडलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : 'खुनी डॉक्टर.'

खून अजून झालाही नव्हता. ज्यांचा व्हायचा होता ते इनामदार पाटावर बसून श्रीखंडाची तिसरी वाटी मागत होते आणि डॉक्टर त्यांना 'आता पुरे' म्हणत होता. मी दूध गरम करून, उशी भिंतीला लावून, हिला "आता मला हाक मारू नकोस" असं बजावून साडेनऊला बसलो होतो. नऊ चाळीसला दिवा मालवला.

"संपलं?" ही म्हणाली.

"संपवलं," मी म्हणालो.

माणसाने माणसाचा जीव घ्यावा हे वाईटच, पण त्यासाठी कायद्यात कलम तरी आहे. नवव्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणाऱ्यासाठी जुन्या दंड संहितेत काही नव्हतं. आता न्याय संहिता आली, तीतही नाही.

सकाळी उजेडात पाहिलं तर त्या ओळीखाली आणखी काही होतं. अक्षर फिकट, तिरकं, सुबक : 'नाहीं. पान १४० पहा.' त्या 'नाहीं'च्या डोक्याशी एवढासा गोल होता. मला वाटलं, कागदातच खोट असेल. पान १४० वर कंपाउंडर औषधांच्या बाटल्या लावत होता. समासात पहिलं अक्षर : 'पाहिलं. मान्य. पुढचं कोणतं?' त्याखाली दुसरं अक्षर : 'कपाट ७, खालचा खण.' म्हणजे आधी चुकीचा खुनी कळला, मग बरोबर खुनी कळला. एकाच पुस्तकाचा दोनदा विचका, तोही मी चहा घेण्याआधी.

वाचनालय तालुका 'ब' दर्जाचं आहे. ग्रंथपाल शांत माणूस. माझी तक्रार ऐकून त्यांनी अभिप्राय वही पुढे सरकवली. "काका, तुम्ही पहिले नाही. हे बघा, सरांनी वर्षापूर्वीच लिहून ठेवलंय." सर म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत. लाल शाईत अर्धं पान भरून त्यांनी 'ग्रंथांचे समास विद्रूप करणारी ही प्रवृत्ती वेळीच ठेचली पाहिजे' असं लिहिलं होतं. माझ्या मनातलंच. मी खाली सही ठोकली.

पुस्तकाच्या शेवटी देवघेवीची चिठ्ठी असते, तीही पाहिली. माझ्याआधी दोन वर्षांत हे पुस्तक दोनच सभासदांनी नेलं होतं : ८७ आणि ४१२. सत्त्याऐंशी कोण? ग्रंथपाल म्हणाले, जुन्या रजिस्टरचा तो भाग वाळवीने खाल्लाय. आणि ४१२? तो निघाला आमच्या शेजारच्या माईंच्या नातवाचा. पण तो तर तीन वर्षं झाली, हिंजवडीला नोकरीत आहे. दिवाळीला येतो तोसुद्धा लॅपटॉप उघडून बसतो. "म्हणजे नोंदच चुकलीय," मी म्हणालो. "असेल," ग्रंथपाल म्हणाले आणि शिक्के मारायला लागले.

एवढा जीव का जाळावा एका जुन्या पुस्तकावरून, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की छोट्या गावातला खून ही माझी दुखरी नस आहे. मोठ्या शहरात कोण कुणाला का मारेल सांगता येत नाही. छोट्या गावात खून करायचा तर आधी चांगली जुनी ओळख लागते.

अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर अॅट द व्हिकारेज' घ्या. १९३० सालचं पुस्तक, मिस मार्पलची पहिली कादंबरी. गाव सेंट मेरी मीड. ते नकाशात शोधू नका, बाईंनी रचलेलं आहे. सुरुवातीलाच गावचे पाद्रीबाबा दुपारच्या जेवणाला मांस कापता कापता बोलून जातात की या कर्नल प्रोदरोला कुणी मारलं तर जगावर उपकार होतील. आणि पुढे त्याच पाद्रीबाबांच्या घरात, त्यांच्याच लिहायच्या टेबलावर, कर्नलसाहेब डोक्यात गोळी लागून पडलेले सापडतात. मला या सुरुवातीचं फार कौतुक आहे. आपल्याकडेही खुनाचा संशय घ्यायचाच तर जेवणाच्या पंगतीवरच घ्यावा लागेल. वरणभात कालवता कालवता माणूस कुणाकुणाला मनातल्या मनात पोचवून येतो!

पाद्रीबाबांची बायको ग्रिसेल्डा त्यांच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी लहान आहे आणि संसाराच्या बाबतीत ठार अडाणी. घरकामाला मेरी नावाची मुलगी आहे. ती रांधते ते खाववत नाही. तरी ग्रिसेल्डा तिला शिकवत नाही, कारण चांगला स्वयंपाक यायला लागला की जास्त पगार देऊन दुसरं कुणी पळवेल. वाईट रांधते म्हणून तर टिकलीय. हा भाग मी हिला मोठ्याने वाचून दाखवला. ही म्हणाली, "तुम्ही या घरात टिकलात ते याच कारणाने."

आणि ते घड्याळ! पाद्रीबाबा लिहायच्या टेबलावरचं घड्याळ मुद्दाम पाव तास पुढे ठेवतात, म्हणजे कुठे उशीर होऊ नये. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक. खुनाच्या झटापटीत म्हणे ते पडून सहा बावीसला बंद पडलं. इन्स्पेक्टर स्लॅक येतो, सहा बावीसवर खूश होतो आणि पाद्रीबाबा तोंड उघडायला लागले की त्यांना गप्प करतो. ज्या मुलखात प्रत्येक स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आणि माणसं अर्धा तास मागे असतात, तिथल्या वाचकाला हा स्लॅक बघून हसू येणारच. मीही पोट धरून हसलो. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मिस मार्पल म्हणजे पाद्रीबाबांची शेजारीण. वयस्कर, अविवाहित, अंगावर विणलेली शाल. ती दिवसभर बागकाम करते. तिच्या बागेतून पाद्रीबाबांच्या फाटकात शिरणारा प्रत्येक माणूस दिसतो, हा निव्वळ योगायोग. शिवाय तिला पक्षी बघायचा नाद आहे, त्यासाठी दुर्बीण आहे. सेंट मेरी मीडमध्ये पक्षी किती असावेत हे बाईंनी सांगितलेलं नाही.

आमच्या माई पक्षी बघत नाहीत. त्या ओट्यावर बसून लसूण सोलतात. एका माणसाच्या घराला एवढा लसूण कशाला लागतो हे कोडं मला फार दिवस सुटलं नव्हतं. मग लक्षात आलं की ओट्यावरून वाचनालयाची पायरी, दवाखाना, सरांच्या घराची खिडकी आणि एसटीचा थांबा एवढं सगळं दिसतं आणि लसूण सोलताना मान वर केलेली कुणी मनावर घेत नाही. माई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. शाळा सातवीपर्यंत. वाचन विचारलं तर म्हणतात, "पोथी, आणि दुधाचं बिल."

ख्रिस्तीबाईंना मराठीत आणायचं बरंच काम मधुकर तोरडमलांनी केलं. हो, तेच, 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधले प्राध्यापक बारटक्के. त्यामुळे इंग्लंडमधल्या खेड्यातला खून आमच्या तालुक्यापर्यंत पोचला, पण आमच्या तालुक्यातला खून काही कुणी लिहिला नाही. बाबूराव आर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, पण माझ्या आठवणीतल्या झुंजार आणि काळापहाडला मोटारी लागायच्या, पिस्तुलं लागायची, मुंबई लागायची. आमच्याकडे फार तर छोटा हत्ती मिळाला असता. म्हणून मीच एक कादंबरी लिहायला घेतली.

पहिलं प्रेत वाचनालयात ठेवलं. ख्रिस्तीबाईंचं 'द बॉडी इन द लायब्ररी' १९४२ चं, पण ती लायब्ररी कर्नल बँट्रीच्या बंगल्यातली. तिथे सकाळी पडदे उघडायला नोकराणी येते आणि घाबरून धावत सुटते. आमच्या वाचनालयात प्रेत ठेवलं वृत्तपत्र विभागात, आणि लिहिताना लक्षात आलं की ते प्रेत आहे हे कळायला संध्याकाळ व्हावी लागेल. त्या टेबलाशी सकाळी नऊपासून सगळेच मान टाकून बसलेले असतात. पहिली तक्रार येईल ती 'या गृहस्थांनी क्रीडा पान दाबून ठेवलंय' अशी.

मग दुसरी युक्ती. १९५० च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये स्थानिक वर्तमानपत्रात छोटी जाहिरात येते : शुक्रवारी, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहाला लिटल पॅडॉक्स या घरी खून होईल, स्नेह्यांनी हेच आमंत्रण समजावं. आणि सगळं गाव काही ना काही निमित्त काढून तिथे हजर होतं. म्हटलं, हे आमच्याकडे अगदी जमेल. 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' ही ओळ लिहायला मराठी माणसाला जोर लावावा लागत नाही. पण पुढे पेच आला. साडेसहाची वेळ दिल्यावर आमच्याकडे माणसं साडेसातला येणार, तोवर खुनी कंटाळून घरी जाणार. आलेल्यांपैकी निम्मे पाकीट घेऊन येणार. आणि दिवे गेले तर कुणी दचकणार नाही, कारण ते शुक्रवारी जातातच.

तिसऱ्या प्रकरणात साक्षीपुरावा आणला, तोही टिकेना. इंग्लंडात पोलीस येईपर्यंत खोलीला कुलूप लावतात. आमच्याकडे पोलीस येईपर्यंत खोलीत चाळीस माणसं, त्यांच्यासाठी चहा, चहाचे कप खिडकीत, आणि प्रेताच्या उशाशी कुणीतरी समजूतदार माणूस 'गर्दी करू नका' असं सांगत गर्दी करून उभा.

पण कादंबरी खरी अडली ती प्रेमापाशी. खुनाला मला दहा जागा सापडल्या. दोन प्रेमिकांना दहा मिनिटं भेटायला एक जागा सापडेना. एसटी स्टँडवर नात्यातला कंडक्टर. झेरॉक्सच्या दुकानात मामा. डोंगरावरच्या महादेवाला गेलं तर पुजारी खाली येऊन सांगणार. धरणावर गेलं तर तिथे सेल्फी काढायला आलेलं निम्मं गाव. पाद्रीबाबांच्या बागेत निदान चित्रकाराला स्टुडिओ म्हणून दिलेली खोपटी होती. कर्नलची बायको आणि तो चित्रकार तिथे पाद्रीबाबांना दिसतात, खुनाच्या आधीच. आमच्या बागा अडीच फुटांच्या, त्यात तुळस आणि पाण्याची टाकी.

तेव्हा प्रेम गाळावं का, असा विचार केला. त्याला आधारही आहे. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ मध्ये रहस्यकथेचे वीस नियम काढले. त्यात तिसऱ्याच नियमाला त्याने प्रेमाला दाराबाहेर उभं केलं. त्याचं म्हणणं, आपल्याला गुन्हेगाराला कोर्टात न्यायचंय, जोडप्याला बोहल्यावर नाही. पुढच्या वर्षी रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरूने दहा आज्ञा सांगितल्या : चोरखोली एकापेक्षा जास्त नको, आगाऊ कल्पना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणू नका, हाती लागलेला धागा वाचकापासून लपवू नका, आणि तपास करणाऱ्यानेच गुन्हा केलेला असता कामा नये. ही शेवटी सांगितलेली त्याच्या यादीत सातवी आज्ञा. ती ध्यानात ठेवा, माझ्या ध्यानातून गेली होती.

हे नियम कुणी पाळले म्हणता? डोरोथी सेयर्सबाईंचा लॉर्ड पीटर विम्झी १९३० च्या 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये कोर्टात जातो, तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात हॅरिएट व्हेन उभी आहे, पूर्वीच्या प्रियकराला विष घातल्याचा तिच्यावर आळ आहे, आणि हा तिच्याच प्रेमात पडतो. स्थळ बघायला गेलेल्या मुलाने इतकी वाईट चौकशी कधी केली नसेल. ती 'हो' म्हणते १९३५ च्या 'गॉडी नाइट'मध्ये. पुढे १९३७ च्या 'बसमन्स हनिमून'मध्ये दोघं खेड्यातल्या घरी मधुचंद्राला जातात तर तळघरात आधीच्या मालकाचं प्रेत. त्या पुस्तकाला बाईंनी उपशीर्षकच दिलंय, त्याचा अर्थ मधूनमधून तपासाचा व्यत्यय येणारी प्रेमकथा. आपल्याकडे सुहास शिरवळकरांनी एका हाताने दारा बुलंद लिहिला आणि दुसऱ्या हाताने 'दुनियादारी'. तेव्हा दोन्ही जमवणारे होते. मला जमेना, तर व्हॅन डाइनचं नाव पुढे करण्यात अर्थ नव्हता.

मला सगळ्यात मोठी गंमत वाटते ती खुद्द ख्रिस्तीबाईंची. १९२६ च्या डिसेंबरात, नवरा दुसरीच्या प्रेमात पडल्यावर, त्या अकरा दिवस बेपत्ता होत्या. सगळं इंग्लंड शोधत होतं. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी तर बाईंचा हातमोजा एका मांत्रिकछाप माणसाकडे नेऊन दिला. बाई सापडल्या हॅरोगेटच्या हॉटेलात, आणि वहीत आडनाव लिहिलं होतं नवऱ्याच्या त्या प्रेयसीचं. १९३० मध्ये त्यांनी मॅक्स मॅलोवन या चौदा वर्षांनी लहान पुरातत्त्वज्ञाशी लग्न केलं. तो सप्टेंबर महिना, आणि पुढच्याच महिन्यात व्हिकारेजचा खून बाजारात. त्याच वर्षी मेरी वेस्टमॅकॉट नावाच्या कुणा लेखिकेची पहिली कादंबरी आली. पुढे अशा एकूण सहा आल्या. प्रेमाच्या, संसाराच्या, मन मोडल्याच्या. ती मेरी वेस्टमॅकॉट म्हणजे अगाथा ख्रिस्तीच, हे जवळजवळ वीस वर्षं बाहेर फुटलं नाही.

खून स्वतःच्या नावावर, प्रेम टोपणनावाने! बाई सेंट मेरी मीड उगीच नाही लिहू शकल्या.

इकडे माझा तपास चालू होता. वाचनालयाच्या टेबलावर सुतळीने बांधलेली एक पेन्सिल असते. सुतळीची लांबी मोजली, वीतभर. म्हणजे समासात लिहिणारा टेबलापाशीच उभा राहून लिहितो. मी वहीत टिपलं. मग संशयित. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका आहे. तिथे एक मुलगा आणि एक मुलगी एकच चार्जर वापरतात. चार दिवस मी चालू घडामोडींचं मासिक उलटं धरून त्यांच्यावर पाळत ठेवली. मुलगा मधूनच खाली येतो. कपाट ७ जवळून जातो. (पाण्याचा माठ तिथेच आहे, पण तो मुद्दा मी गौण मानला.) पाचव्या दिवशी प्रकरण तयार झालं. पुस्तक पिशवीत घालून वाचनालयाकडे निघालो, तर माईंनी ओट्यावरून हाक मारली.

"काय रे, चार दिवस अभ्यासिकेत? या वयात तहसीलदार व्हायचंय का?"

मी सगळं सांगितलं. नववं पान, डॉक्टर, त्याखाली 'नाही, पान एकशे चाळीस पहा', चार्जर, सुतळी. माईंनी पाकळी सोलली, फुंकर मारून साल उडवलं.

"पोरांच्या मागे लागू नकोस," त्या म्हणाल्या. "आजकालची पोरं 'नाहीं'वर टिंब देतात होय? आणि हा लसूण घेऊन जा. तुमच्याकडचा संपलाय."

मला पटलं. खरंच की! 'नाहीं', 'कांहीं', 'कसें' हे १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले तेव्हाच गेलं. त्याआधी शाळेत गेलेलं माणूसच सवयीने तिथे टिंब देणार. म्हणजे लिहिणारं अक्षर सत्तरी ओलांडलेलं! प्रकरणाला केवढी कलाटणी मिळाली. माईंच्या बुद्धीचं कौतुक करत मी घरी परतलो. लसूण खरोखरच संपला होता. हिलाही ते ठाऊक नव्हतं.

रात्री दूध पिताना घास नाही तरी घोट अडकला. मी माईंना ते वाक्य तोंडी सांगितलं होतं. 'नाही' तोंडाने म्हणा की 'नाहीं' म्हणा, टिंब ऐकू येत नाही. आणि पुस्तक मी पिशवीतून काढलंच नव्हतं.

मग एकेक घड्याळ पाव तास मागे सरकायला लागलं. हिंजवडीतला नातू आणि त्याचा चालू असलेला सभासद क्रमांक ४१२. तो बारीक गोल कागदातली खोट नव्हती. कुणीतरी त्या टिंबाभोवती नीट गोल केला होता, वहीतली चूक दाखवतात तसा. मी उठून कपाट ७ मधली आधी आणलेली दोन पुस्तकं काढली. पहिल्यात 'कांहीं', टिंबाला गोल. दुसऱ्यात 'नाहीं', टिंब पुन्हा तिथेच, यावेळी जरा ठळक, आणि गोलही ठळक. टिंब देऊ नका म्हणून गोल करणारा माणूस गावात कोण असेल हे शोधायला इन्स्पेक्टर लागत नव्हता. चाळीस वर्षं त्याने आमच्या वह्यांना तेच केलं. आणि ती लाल शाईतली तक्रार इतकी जोरकस का होती तेही कळलं. सगळ्यात मोठ्याने 'चोर, चोर' कोण ओरडतो, ही तर रहस्यकथेतली पहिली शिकवण.

माईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, सरांच्या घरी तर त्याआधीपासून कुणी नाही. समोरासमोर घरं. दारात उभं राहून दोन वाक्यं बोलली तर तिसरं वाक्य गाव बोलेल. म्हणून डॉक्टर की कंपाउंडर यावर दोन वर्षं वाद चालू आहे, कपाट ७ मधून, नातवाच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी माईंना एवढंच विचारलं, "नातवाची वर्गणी भरलीय ना यंदाची?"

"भरलीय," त्या म्हणाल्या. पाकळी पाटीत टाकली. मान वर केली नाही. आजवरच्या आयुष्यात त्यांनी मान वर न केल्याचा हा एकच प्रसंग.

वाचनालयात जाऊन अभिप्राय वहीतली माझी सही खोडली. सरांची तक्रार तशीच आहे, ती राहू द्यावी असं ग्रंथपालांचंही मत पडलं. ८७ क्रमांकाचं रजिस्टर वाळवीने खरंच खाल्लंय का, हे मी त्यांना विचारलं नाही. माझी कादंबरी तिसऱ्या प्रकरणातच आहे.

तुम्हाला कुठल्या वाचनालयाच्या पुस्तकात नवव्या पानावर खुन्याचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं, तर संताप होईल, मला ठाऊक आहे. पण कृपा करून खोडरबर लावू नका. पुस्तक जसं आहे तसं, वेळेत परत करा. पुढचा सभासद वाट बघत असतो.